चेन्नईच्या अक्कांची अट

चेन्नईला मी एक तक्ता भरायला गेले होते. त्यात रकाने बारा होते. संस्थेचं नाव, स्थापना, सभासद, उपक्रम, स्वयंसेवकांची नावं असं सगळं. तो भरून आणायचा आणि सभेपुढे ठेवायचा, एवढंच काम.

मी मिरजेत चौतीस वर्षं नर्स होते. ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ही नोकरी झाली, त्यांच्या मुलांनी वडिलांच्या नावे एक लहानसा न्यास काढला आहे. आम्ही पाच विश्वस्त. पोटासाठी महाराष्ट्राबाहेर गेलेल्या आपल्या माणसांना तिथली जी मराठी मंडळं मदत करतात, त्यांपैकी एकाचा दरवर्षी सत्कार करायचा, असा नेम आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. यंदा दोन नावं पुढे आली. एक गुजरातेतलं आणि एक चेन्नईतलं. चेन्नईचं माझ्या वाट्याला आलं. अध्यक्ष म्हणाले, "सुनंदाताई, एकट्या जाल ना?" मी म्हटलं, "एकटीनं चाळीस खाटांचा वॉर्ड सांभाळलाय. चेन्नईचं काय घेऊन बसलात!"

मंडळाचं नाव इथे देत नाही. त्यांनीच नको म्हटलं. का, ते पुढे कळेल.

अण्णा नगर

माझी उतरण्याची सोय मंडळाचे सचिव मकरंद यांच्याकडे पेरुंगुडीला होती. मूळचे नाशिकचे, कॉम्प्युटरच्या कंपनीत. अकराव्या मजल्यावरचं घर. सकाळी गॅलरीत उभी राहिले तर एका अंगाला काचेच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला लांबच्या लांब पाणथळ, त्यात काटकुळ्या पायांचे पांढरे पक्षी चिखलात चोची घालून उभे. फेब्रुवारी सरत आला होता आणि सकाळी सातलाच पदर घामानं ओला झाला होता. खाली उतरलो तर प्रत्येक दुकानासमोर सडा घालून पांढऱ्या पिठाची रांगोळी. आपल्यासारखे रंग नाहीत, पण रेघ अशी की हात कुठे उचलला ते सापडत नाही.

अण्णा नगरातल्या एका शाळेचा वर्ग मंडळाला रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मिळतो; त्या दिवशी कसली तरी सुट्टी होती. सभेआधी मंडळी मला जवळच्या खानावळीत घेऊन गेली. केळीच्या पानावर भात, सांबार, पुन्हा भात, रसम, पुन्हा भात, ताक. आपल्याकडे भात शेवटी येतो, इथे तो सुरुवातीला, मध्ये आणि शेवटीही. रसम इतकं फक्कड होतं की मी मान डोलावून म्हटलं, "वा!" वाढपी तिथूनच धावत आला आणि आणखी एक डाव भात घालून गेला. मी पुन्हा भुरका मारला. "वा! वा!" तो पुन्हा हजर. चौथ्या वेळी पानावर डोंगर झाला, तेव्हा मकरंद हसत म्हणाले, "ताई, तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. तुम्ही त्याला हाका मारताय, आणि त्याही अरेतुरेनं." मी हात जोडले. वाढप्यानंही हात जोडले आणि हसत ताक वाढलं. तो भात मी संपवला. पानात टाकायची सवय नाही.

मग सभा. मकरंदांनी पडद्यावर सगळं नीट मांडलं. गणेशोत्सव, हळदीकुंकू, खाद्यजत्रा, मुलांसाठी मराठीचे वर्ग, रक्तदान. काम खरं होतं, फोटो खरे होते. माझे रकाने भराभर भरत होते. शेवटच्या पडद्यावर तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती : 'आजारी व अडचणीतील मराठी बांधवांना फोनवरून साहाय्य'.

नर्सचं लक्ष तिथेच जायचं. मी विचारलं, "हे कोण करतं?"

"ते अक्का बघतात," मकरंद म्हणाले.

"मंडळाच्या कोण त्या?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नागपूरकडच्या वैशालीताई, ज्या खाद्यजत्रा सांभाळतात, त्या म्हणाल्या, "तशा सभासद नाहीत त्या. तंजावरकडच्या मराठी आहेत. पिढ्यान् पिढ्या इकडच्याच. कुणी आजारी पडलं की आम्ही त्यांचा नंबर देतो."

"त्यांना बोलावलं नाहीत आज?"

"त्या येत नाहीत," मकरंद म्हणाले, आणि पडदा बंद करून लॅपटॉपची वायर गुंडाळू लागले.

'स्वयंसेवकांची नावं' या रकान्यात तोवर मी नऊ नावं लिहिली होती. पेन तिथेच थांबलं. मी म्हटलं, "त्यांचा पत्ता द्या. पाहिल्याशिवाय मी तक्ता पुरा करणार नाही."

मैलापूर

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. मैलापूरच्या एका अरुंद गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. दारात ठेंगण्या, गोऱ्या, सत्तरीच्या बाई. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या.

"यावें, यावें. तुम्हींच मिरजेच्या नं? बसा. ऊन फार अहे."

पद्माबाई त्यांचं नाव, पण त्यांना अख्खं शहर अक्का म्हणतं. तमिळमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीण आणि आमच्या मिरजेकडेही. त्यामुळे मला ते म्हणायला जड गेलं नाही.

त्यांचं मराठी पहिली पाच मिनिटं कानाला वेगळं लागतं. जुन्या कागदपत्रांत असावेत तसे शब्द, आणि चाल मात्र तमिळ, वाक्याच्या शेवटी सूर वर चढवणारी. सहाव्या मिनिटाला ते आपलंच वाटू लागतं. तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्यावर भावाला बघायला सरकारी रुग्णालयात गेल्या, तर बाहेरच्या बाकावर एक बाई रडत होती.

"ती 'अगं आई गं' म्हणाली. माझी आजी तसें म्हणे. मी जवळ गेल्यें. तिच्या नवऱ्याचें ऑपरेशन होतें, आणि तीन दिवस तिला कोणी कांहीं सांगितलें नव्हतें. म्हणजे सांगितलें होतें, तमिळमध्ये. मी डॉक्टरला विचारून तिला सांगितलें. जातांना तिनें माझा नंबर घेतला. मग तो नंबर फिरत गेला."

किती फिरला, ते त्यांना ठाऊक नाही. कारखान्यांच्या वसतिगृहांत तो भिंतीवर लिहिलेला आहे म्हणे. उस्मानाबादचा वेल्डर, अकोल्याची शिकाऊ मुलगी, साताऱ्याचा ट्रकवाला. अक्कांनी त्यांतल्या बहुतेकांना पाहिलेलं नाही.

जेवायला त्यांनी डांगर पचडी केली होती. उडदाच्या पिठाचं डांगर आमच्याकडेही असतं, कांदा घालून, घट्ट. त्यांचं दह्यात सरबरीत, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. दोन्हीकडचं नाव एकच. मी तसं म्हटलं तर त्यांचा चेहरा उजळला. "नांव एक अहे नं? मग आम्हीं एकच कीं."

तेव्हा मी विचारलं, "मग मंडळात का जात नाही?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना मंचावर बोलायला लावलं होतं. त्या बोलू लागल्या आणि पुढच्या रांगेतून हसू फुटलं. कुणी तरी म्हणालं, "ऐतिहासिक नाटक चालू झालं!" मग सगळेच हसले.

"ते वाईट लोक नाहींत," अक्का म्हणाल्या. "पण मज वाटलें, फोनवर कोणी हंसत नाहीं. तिथेंच बरें."

मी काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला.

पलीकडे एक मुलगी घाबऱ्या घाबऱ्या बोलत होती. अक्कांनी आवाज मोठा केला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात काम करणारी, परभणीकडची. तिच्या खोलीतली, तिकडचीच शीतल पोटदुखीनं कळवळत होती म्हणून जवळच्या खासगी रुग्णालयात आणली होती. अपेंडिक्स. ऑपरेशन करायला हवं. पण शीतल सलाइन लावायला हात पुढे करत नव्हती.

"तिला दे फोन," अक्का म्हणाल्या.

शीतल रडत होती. "अक्का, इंजेक्शन नका देऊ म्हणावं. मला गांधी उठतात. गांधी उठतात हो! तिकडं मरता मरता वाचले मी."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्या गोंधळलेल्या दिसल्या. "गांधी? कोण गांधी? उठतात म्हणजे?" पलीकडे परिचारिकेचा आवाजही येत होता. तीही 'गांधी, गांधी' असंच काही तरी म्हणत होती. तापात पोरगी बरळते आहे, असं त्यांना वाटत असावं.

मी फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "शीतल, मी सिस्टर बोलते. अंगावर गांधी उठल्या होत्या? लाल चट्टे, खाज? ओठ सुजले होते?"

"हो! श्वास कोंडला होता. गावच्या दवाखान्यात ताप आला म्हणून इंजेक्शन दिलं होतं तेव्हा."

"औषधाचं नाव?"

"नाही माहीत."

मी अक्कांना सांगितलं, "ॲलर्जी आहे तिला. बहुतेक अँटिबायोटिकची. जिवावरची. ऑपरेशनआधी तेच देतात. त्यांना आत्ता सांगा, आत्ता!"

मग अक्कांचा आवाज मी ऐकला. मघाची पचडी वाढणारी बाई कुठच्या कुठे गेली. खणखणीत, सावकाश, एकेक शब्द सुटा. तमिळ मला कळत नव्हतं, पण 'ॲलर्जी' हा शब्द तीनदा आला आणि पलीकडे 'डॉक्टर, डॉक्टर' अशी हाकाटी झाली. मग एक तरुण डॉक्टर बाई फोनवर आल्या. त्यांचे प्रश्न अक्का मला मराठीत विचारत, मी शीतलला विचारी, आणि उत्तर त्याच वाटेनं परत जाई. किती वेळानं चट्टे उठले? काय दिल्यावर उतरले? त्यानंतर कुठलं औषध घेतलं आणि ते सोसलं? शेवटी डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या गटातलं औषध देऊ, केसपेपरवर लाल शाईनं लिहून ठेवते.

फोन ठेवल्यावर मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

अक्का उठून चपला शोधत होत्या. "चला. फोनवर इतकेंच होतें. तिच्याजवळ कोणी पाहिजे."

श्रीपेरुंबुदूर

टॅक्सीनं दीड तास लागला. शहर संपतं असं वाटतं आणि संपत नाही. मग कारखान्यांच्या लांबलचक भिंती, आणि एकामागून एक कंपनीच्या बसगाड्या. पाळी सुटली होती. खिडक्यांत एकाच रंगाच्या गणवेशातली मुलं-मुली डोकी टेकून झोपलेली. त्यांतल्या किती जणांच्या आयांना हे गाव नकाशात दाखवता येईल, असं मनात आलं.

रुग्णालयाच्या दारात रखवालदारानं हात आडवा केला. पेशंटचे नातेवाईकच आत. अक्कांनी सांगितलं, मी नात्याची नाही, पण बोलायला मीच आहे. तो ऐकेना. त्याचंही चूक नव्हतं. नियम होता. मी माझं निवृत्त नर्सचं जुनं ओळखपत्र दाखवलं. ते मराठीत होतं. त्यानं ते उलटसुलट करून परत दिलं.

अक्कांनी आवाज चढवला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून, त्याच सुट्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. आतल्या टेबलावर एक बाई कागद लावत बसली होती. तिनं मान वर केली, मग उठून दारापर्यंत आली आणि अक्कांना तमिळमध्ये काही विचारलं. अक्का म्हणाल्या, "आमा." म्हणजे हो. त्या बाईनं अक्कांचे दोन्ही हात धरले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"विचारत्ये, फोनवरच्या अक्का तुम्हींच का? चार वेळां बोललों अहों म्हणे. आवाज ओळखला."

आम्ही आत गेलो. शीतल एकवीस वर्षांची, बारकी, कानांत साध्या बाळ्या. अक्कांनी ऑपरेशनचा कागद तिला ओळ न् ओळ वाचून दाखवला. कुठे तिला अक्कांचा शब्द कळेना, तिथे मी परभणीच्या शब्दात सांगितला. परभणीला तिच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "तुम्ही दोघी आहात ना तिथं? मग करा." शीतलनं स्वतः सही केली. ऑपरेशन संध्याकाळी नीट पार पडलं. तिची मैत्रीण सोबतीला थांबली आणि आई दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघाली.

परतताना मी अक्कांना सगळं सांगितलं. तक्त्याचं, न्यासाचं, सत्काराचं. "माझ्या मते शाल तुमच्या खांद्यावर पडायला हवी. मी भांडेन त्यासाठी."

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "शालीचें काय करूं? इथें ऊन किती!" मग माझ्याकडे वळल्या. "आज टेबलावर ती बाई होती म्हणून आंत गेलों. उद्यां दुसरी कोणी असेल. मज एक कागद पाहिजे. हे आमचें माणूस अहे, पेशंटसाठी बोलायला आलें अहे, त्यास आंत सोडा. फोटो, शिक्का, तमिळ आणि इंग्रजींत. शाल राहूं दे. कागद द्या."

मी तिथेच ठरवलं. कागद मिळवायचाच.

पुन्हा अण्णा नगर

मधल्या दोन दिवसांत समुद्र पाहिला, देऊळ पाहिलं, ते सगळे पाहतात. माझा बहुतेक वेळ फोनवर गेला. आमचे अध्यक्ष म्हणाले, "सुनंदाताई, आपली पद्धत शाल-श्रीफळाची आहे. ओळखपत्रं म्हणजे काय सत्कार झाला?" मी म्हटलं, "ज्याला ज्याची गरज आहे ते दिलं, तर सत्कार. नाही तर आपलीच हौस." ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, "'बघू' नको. हो म्हणा, नाही तर माझा राजीनामा घ्या." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. यंदा चेन्नईच, ओळखपत्रं छापू, मानपत्रही देऊ, पण शालही हवीच. मी शालीपुरती माघार घेतली.

मकरंदांशी बोलणं त्यांच्याच गॅलरीत झालं. मी श्रीपेरुंबुदूरची हकिगत सांगितली. त्यांनी कठडा धरला. मग म्हणाले, "ताई, ते ऐतिहासिक नाटक वगैरे... ते मी म्हणालो होतो."

"मग आता?" मी विचारलं. जखम धुताना रुग्णाला दुखतं म्हणून थांबायचं नसतं.

"मी जातो त्यांच्याकडे," ते म्हणाले. आणि गेले. काय बोलणं झालं, ते दोघांनीही मला सांगितलं नाही. पण रविवारी त्या शाळेच्या वर्गात अक्का पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

मकरंदांनी ठराव मांडला. अक्कांना मंडळाच्या मानद अध्यक्ष करावं. टाळ्या झाल्या. अक्का उठल्या. वर्गात चाळीसेक माणसं. मला दिसत होतं, त्यांनी साडीचा काठ मुठीत घट्ट धरला होता.

"मज अध्यक्ष व्हायचें नाहीं. माझें वय एकाहत्तर. परवां शीतलचा फोन आला तेव्हां ह्या सिस्टर घरीं होत्या म्हणून निभावलें. मज त्या मुलीचा शब्द कळला नाहीं. समजलांत? मज कळला नाहीं. मी एकटी पुरत नाहीं." त्या थांबल्या. कोणी हसलं नाही. "ओळखपत्रें येणार अहेत म्हणतात. कोणाच्या नांवाचीं? आठवड्याचे दिवस सात. मज सात नांवें पाहिजेत. एकेका दिवसाचा फोन एकेकानें घ्यावा. सात झालीं तर मी शाल घेत्यें. सहा झालीं तर नाहीं."

त्यांनी खडू उचलला, फळ्यावर सात वार लिहिले आणि बाजूला उभ्या राहिल्या.

मग वैशालीताईंनी हात वर केला. "मी मंगळवार घेते. पण अक्का, मला तमिळ भाजीबाजारापुरतंच येतं."

"पुरे. दुखतें कोठें, केव्हांपासून, इतकें विचारतां आलें कीं झालें. बाकीचें मी शिकवित्यें."

मकरंदांनी शनिवार घेतला. एका बँकेतल्या गृहस्थांनी सोमवार, एका कॉलेजच्या प्राध्यापिकेनं बुधवार. शुक्रवारी दोघांची चढाओढ झाली, त्यातल्या एकाला अक्कांनी रविवारवर ढकललं. फळ्यावर फक्त गुरुवार उरला.

माणसं खाली बघू लागली. कुणाची कचेरी, कुणाची मुलं. मला त्यांचा राग आला नाही. सहा नावं ही काही थोडी नाहीत. पण अक्का हलल्या नाहीत. नम्रपणे, पण हट्टानं, खडू हातात धरून उभ्या राहिल्या. सहा झाली तर नाही म्हणजे नाही.

तेव्हा मी उठले. "अक्का, फोनला मिरज काय आणि मैलापूर काय! तमिळ मला येत नाही. पण दुखणं कळतं, आणि आमच्याकडचे शब्द कळतात. तमिळला कोणी तरी जोडून द्या मला."

अक्कांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा सैल पडलेला पाहिला. "जोडून देणें? तीस वर्षें तेंच केलें कीं." आणि त्यांनी गुरुवारपुढे माझं नाव लिहिलं. 'सुनंदा सिस्टर, मिरज.' त्यातला 'द' थोडा जुन्या वळणाचा होता.

मंडळाचं नाव छापू नका, अशी विनंती मला नंतर झाली. अक्का म्हणाल्या, मंडळाचें नांव कशाला, नंबर लोकांजवळ अहे. मंडळानंही ते मानलं.

सभेच्या शेवटी न्यासातर्फे शाल पडली तेव्हा अक्कांच्या अंगाला खरंच घाम फुटला होता. त्यांनी ती पाच मिनिटं ठेवली, मग घडी घालून पिशवीत टाकली आणि संध्याकाळी रुग्णालयात जाऊन शीतलच्या आईला दिली. ती माउली प्रवासानं आणि काळजीनं पार कोमेजली होती. मुलीच्या उशाशी रुग्णालयातल्या गारेगार खोलीत तिला ती उपयोगी पडणार होती.

तक्ता मी भरला. स्वयंसेवकांच्या रकान्यात नऊ नावं खोडून आठ लिहिली, अक्का आणि आम्ही सात. जागा पुरली नाही, म्हणून मागच्या बाजूला लिहावं लागलं.

मिरजेला येऊन तीन आठवडे झाले. शीतल सावकाश हिंडूफिरू लागली आहे. ओळखपत्रं छापून चेन्नईला पोचली. मी परत आले त्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते आणि फोन वाजला.

"सिस्टर, उद्यां तुमचा दिवस. फोन चार्ज अहे का?"

"आहे, अक्का."

"आणि वही?"

"तीही आहे."

"सरी, ठीक. मग आतां जेवून घ्या आणि लवकर निजा. गुरुवारीं मंडळी फार आजारी पडतात."